इलेक्ट्रॉन उरतात, प्रभार जुळत नाही: लुईस आकृती वारंवार चुकत असेल तर काय तपासावं

लक्षणं

लुईस आकृती म्हणजे रेणूतले बंध रेघांनी आणि बाहेरच्या कवचातले उरलेले इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारं चित्र. अमोनियम आयनाची आकृती काढली, चारही हायड्रोजन जोडले आणि हातात दोन इलेक्ट्रॉन उरले. कुठे ठेवायचे कळेना, म्हणून नायट्रोजनच्या डोक्यावर ठेवून दिले. नायट्रेट काढलं तर नायट्रोजनला पाच बंध आले. कार्बन मोनॉक्साईडमध्ये दुहेरी बंध काढला, ऑक्सिजनचं अष्टक (भोवती आठ इलेक्ट्रॉन) झालं, पण कार्बन सहावरच अडकला. ओझोन बरोबर आला होता, पण मधल्या ऑक्सिजनवर +१ दिसताच ‘रेणू तर उदासीन आहे’ म्हणून तो खोडला गेला. सोडिअम आयनाचं संरूपण (कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी) २, ८, २ असं लिहिलं गेलं. फेरस आयनात (लोह +२) ४एस भरलेलाच राहिला आणि दोन इलेक्ट्रॉन ३डी मधून काढले गेले (४एस, ३डी ही इलेक्ट्रॉनांची उपकवचं).

नागपुरात बोर्डाची तयारी चालू असो की नीट-जेईईची, अकरावीच्या वह्यांत हेच बिघाड फिरून फिरून दिसतात. पालकांना वाटतं मुलाचं ‘बेसिक कच्चं’ आहे, आणि मुलं व्हिडिओवर व्हिडिओ बघत बसतात. पण यातल्या बहुतेक चुका संकल्पनेच्या नसतातच. आकृतीला हात घालण्याआधी जी एक बेरीज करायची असते, ती केलेली नसते. म्हणून खालच्या तपासण्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्याला दहा-वीस सेकंद लागतात, शेवटच्यांना डोकं लागतं. पहिलीत चूक सापडली तर पुढच्या करायची गरज नाही.

साहित्य म्हणजे पेन्सिल, खोडरबर आणि आवर्तसारणी. बेरीज कच्च्या पानावर नको, आकृतीच्या शेजारी समासात लिहा. कच्चं पान फेकलं जातं आणि चूक कुठे झाली ते मग शोधता येत नाही.

तपासणी १: एकूण संयुजा इलेक्ट्रॉन

प्रत्येक अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, आवर्तसारणीतल्या गणावरून (उभ्या स्तंभावरून) घ्या. गण १ आणि २ साठी तोच आकडा, गण १३ ते १८ साठी त्यातून १० वजा. नायट्रोजन गण १५ म्हणजे ५, ऑक्सिजन गण १६ म्हणजे ६, क्लोरीन गण १७ म्हणजे ७. हेलियम तेवढा अपवाद, त्याचे २. मग प्रभार हिशोबात घ्या: ऋणप्रभार असेल तर तेवढे इलेक्ट्रॉन मिळवा, धनप्रभार असेल तर तेवढे वजा करा.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो इथेच. अधिक चिन्ह दिसलं की हात आपसूक बेरीज करतो. पण इलेक्ट्रॉन स्वतः ऋण असतो, म्हणून तो गेला की अधिक उरतं. अमोनियममध्ये ५ + ४ − १ = ८. चार बंधांत आठही संपतात, उरत काही नाही. नायट्रोजनच्या डोक्यावर दोन ठिपके उरले असतील तर तुम्ही ५ + ४ + १ = १० धरले होते. एकच ठिपका उरला असेल तर प्रभार धरलाच नव्हता. किती उरले यावरूनच चुकीचा प्रकार कळतो, म्हणून उरलेले ठिपके लगेच खोडू नका.

सोडिअम आयनाचं २, ८, २ हेही याच चुकीचं रूप. सोडिअमकडे ११ इलेक्ट्रॉन, एक गेला, १० उरले: २, ८. ऑक्साईड आयन, फ्लुओराईड, सोडिअम, मॅग्नेशिअम आणि ॲल्युमिनिअम या पाचही आयनांत दहाच इलेक्ट्रॉन असतात. दहा इलेक्ट्रॉनांना ओढणारे प्रोटॉन मात्र ८, ९, ११, १२, १३ असे वाढत जातात, म्हणून आकार घटतो. स्फटिकात सहा शेजारी असताना त्रिज्या साधारण १४०, १३३, १०२, ७२ आणि ५४ पिकोमीटर. तुमच्या उत्तरात मॅग्नेशिअम आयन सोडिअम आयनापेक्षा मोठा आला, तर चिन्ह उलटं वाचलं गेलंय.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉनांऐवजी अणुअंक घेणं. नायट्रेटसाठी ७ + २४ + १ = ३२ धरले, तर चारही अणूंची अष्टकं एकही बंध न काढता भरतात. ठिपके टाकायला जागा पुरत नाही असं वाटलं की हीच शंका आधी घ्या. खरा हिशोब ५ + १८ + १ = २४.

काही बेरजा पाठच असू द्या. ८: पाणी, अमोनिया, अमोनियम, हायड्रोनियम. १०: नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साईड, सायनाइड. १६: कार्बन डायऑक्साईड, नायट्रस ऑक्साईड, अझाइड. १८: ओझोन, सल्फर डायऑक्साईड, नायट्राइट. २४: नायट्रेट, कार्बोनेट, सल्फर ट्रायऑक्साईड. ३२: सल्फेट, फॉस्फेट, परक्लोरेट. अणूंची मांडणी सारखी आणि बेरीजही सारखी असली की आकारही सहसा सारखाच निघतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साईड होतो. त्याची आकृती येत नसेल आणि ओझोनची येत असेल, तर मधला ऑक्सिजन खोडून तिथे गंधक लिहा. १८ ला १८, वाकडा रेणू तयार.

तपासणी २: काढलेले इलेक्ट्रॉन मोजा

आकृती झाल्यावर प्रत्येक रेघेचे २ आणि प्रत्येक लोन पेअरचे (बंधात नसलेल्या जोडीचे) २ मोजा. ही बेरीज पहिल्या तपासणीतल्या आकड्याशी जुळलीच पाहिजे. जास्त भरली तर कुठेतरी फुकटचे इलेक्ट्रॉन आलेत, कमी भरली तर कुणाची तरी लोन पेअर राहिली आहे. बहुतेक वेळा टोकाच्या क्लोरीन-फ्लोरीनवरची, कारण त्यांचा बंध काढला की ते ‘झाले’ असं वाटतं.

तपासणी ३: बंध किती हवेत ते आधीच काढा

ही तपासणी अनेक वर्गांत शिकवली जात नाही, आणि तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. प्रत्येक अणूला ८ (हायड्रोजनला २) हवेत असं धरून एकूण गरज काढा. त्यातून हातातले इलेक्ट्रॉन वजा करा आणि दोनने भागा. उत्तर म्हणजे रेणूतल्या बंधांची संख्या. वाटून घेतलेली प्रत्येक जोडी दोन्हीकडे मोजली जाते, म्हणून गरज आणि साठा यांतला फरक बंधांतूनच भरून निघतो.

कार्बन मोनॉक्साईड: गरज १६, हातात १०, फरक ६, म्हणजे ३ बंध. दुहेरी बंध काढून कार्बन सहावर अडकतो तो याचमुळे. तिथे तिहेरीच हवा. ओझोन: २४ − १८ = ६, ३ बंध, म्हणजे एक दुहेरी आणि एक एकेरी. कार्बन डायऑक्साईड: २४ − १६ = ८, ४ बंध. नायट्रेट: ३२ − २४ = ८, ४ बंध. पाच नव्हे.

नायट्रेटची पाच बंधांची आकृती फसवी आहे. तिच्यात ठिपके बरोबर २४ भरतात, म्हणून दुसरी तपासणी ती पकडत नाही. पण नायट्रोजनभोवती दहा इलेक्ट्रॉन होतात. दुसऱ्या आवर्तातल्या अणूकडे बाहेरच्या कवचात एक २एस आणि तीन २पी अशा चारच कक्षिका असतात, आणि एकीत दोनाहून जास्त मावत नाहीत. आठवर काटा थांबतो. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लोरीन यांच्याभोवती नऊ किंवा दहा दिसले की आकृती चुकीची, मग ती कितीही सुबक असो.

हे सूत्र अपवादही दाखवून देतं. फॉस्फरस पेंटाक्लोराईडमध्ये ४८ − ४० = ८, उत्तर ४ बंध, पण पाच क्लोरीन जोडायला पाच तरी लागणार. सल्फर हेक्झाफ्लोराईडमध्ये उत्तर ४, लागतात ६. उत्तर सांगाड्याच्या बंधांपेक्षा कमी आलं की मधला अणू आठाच्या पुढे जातो, आणि तो तिसऱ्या किंवा त्याखालच्या आवर्तातला असणारच.

बोरॉन ट्रायफ्लोराईड उलटा. सूत्र ४ बंध सांगतं, आपण ३ काढतो आणि बोरॉनला सहावरच ठेवतो. चौथा काढला तर फ्लोरीनवर +१ येतो, आणि सगळ्यात जास्त विद्युतऋण (इलेक्ट्रॉन ओढणाऱ्या) अणूवर धनप्रभार टाकणं पटण्यासारखं नाही. बोरॉनची ही अर्धवट भूक खरीच आहे: अमोनियाची लोन पेअर तो लगेच स्वीकारतो.

सूत्रात अर्धा बंध आला, उदाहरणार्थ नायट्रिक ऑक्साईडमध्ये (१६ − ११) ÷ २ = २.५, तर आधी बेरीज पुन्हा करा. ती बरोबर असेल तर हा विषम इलेक्ट्रॉनांचा रेणू आहे. त्याबद्दल शेवटी.

तपासणी ४: प्रत्येक अणूवरचा फॉर्मल चार्ज

फॉर्मल चार्ज म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन निम्मे निम्मे वाटले असं धरून अणूवर येणारा प्रभार. संयुजा इलेक्ट्रॉनांतून लोन पेअरमधले इलेक्ट्रॉन वजा, बंधांची संख्या वजा. बस. प्रत्येक बंधातला एक इलेक्ट्रॉन त्या अणूचा धरायचा, म्हणून बंधाचा एकच मोजतो. इथे हमखास चूक होते ती बंधाचे दोन मोजण्याची. अष्टक बघताना बंधाचे दोन, फॉर्मल चार्ज काढताना बंधाचा एक, हे दोन हिशोब वेगळे ठेवा.

नायट्रेट: नायट्रोजन ५ − ० − ४ = +१. दुहेरी बंधाचा ऑक्सिजन ६ − ४ − २ = ०. एकेरी बंधाचे दोन ऑक्सिजन ६ − ६ − १ = −१ प्रत्येकी. एकूण −१, आयनावर −१, जुळलं. ओझोन: मधला ६ − २ − ३ = +१, एकेरी बंधाचा टोकाचा −१, दुसरा टोकाचा ०. बेरीज शून्य. रेणू उदासीन असणं म्हणजे ही बेरीज शून्य असणं. प्रत्येक अणूवर शून्य असायलाच हवा असा नियम नाही. ओझोनमधला +१ खोडू नका. तो खोडला की आकृती अपुरी राहते आणि पेपरात मार्क जातात.

रोजच्या कामासाठी सवयीच्या बंधांचा आकडा लक्षात ठेवा: हॅलोजन १, ऑक्सिजन २, नायट्रोजन ३, कार्बन ४. अष्टक पूर्ण असेल तर जितके बंध सवयीपेक्षा जास्त तितका अधिक, जितके कमी तितका उणे. ऑक्सिजनला तीन बंध: +१, जसा हायड्रोनियममध्ये. एक बंध: −१, जसा हायड्रॉक्साईडमध्ये. नायट्रोजनला चार: +१. कार्बनला तीन बंध आणि एक लोन पेअर: −१. कार्बनला तीन बंध आणि लोन पेअर नाही, तर अष्टक अपुरं आहे. तिथे ही युक्ती चालत नाही आणि मूळ सूत्राने +१ येतो. सेंद्रिय रसायनात कार्बोकॅटायन (धनप्रभारित कार्बन) आणि कार्बॅनायन (ऋणप्रभारित कार्बन) यांची अदलाबदल होते ती इथेच.

आयन असेल तर चौकटी कंस आणि कंसाबाहेर वर प्रभार लिहा. किरकोळ वाटतं, पण कंस नसला की तपासणाऱ्याला प्रभार एका अणूचा आहे की अख्ख्या आयनाचा ते कळत नाही.

प्रभारांची बेरीज जुळवण्याची ही सवय वहीबाहेरही कामाची आहे. विदर्भात बऱ्याच ठिकाणी विहीर-बोअरच्या पाण्यात नायट्रेट आढळतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. पाण्याच्या अहवालात धन आयनांचा एकूण प्रभार ऋण आयनांच्या प्रभाराएवढा यायला हवा, कारण पाणी उदासीन असतं. मिलिग्रॅमला आयनाच्या वस्तुमानाने भागायचं आणि प्रभाराने गुणायचं. उदाहरणापुरते आकडे घेऊ: कॅल्शिअम ८० म्हणजे ४, मॅग्नेशिअम २४ म्हणजे जवळपास २, सोडिअम ४६ म्हणजे २, एकूण ८. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट ३०५ म्हणजे ५, क्लोराईड ७१ म्हणजे २, सल्फेट २४ म्हणजे ०.५, नायट्रेट ३१ म्हणजे ०.५, एकूण ८. फरक मोठा आला तर एखादा आयन मोजायचा राहिलाय किंवा एकक चुकलंय. नायट्रेटचा आकडा ‘नायट्रोजन म्हणून’ दिला असेल तर ३१ च्या जागी ७ दिसतो. घाबरायच्या किंवा निश्चिंत व्हायच्या आधी तेवढं एकक वाचा.

तपासणी ५: आकृती बरोबर, पण उत्तराशी जुळत नाही

उत्तरात दुहेरी बंध डावीकडच्या ऑक्सिजनला आणि तुमचा उजवीकडे, तर दोन्ही बरोबर आहेत. ही संस्पंदनरूपं, म्हणजे एकाच रेणूची इलेक्ट्रॉन वेगवेगळे ठेवून काढलेली चित्रं. रेणू या दोन रूपांत उड्या मारत नाही. तो सतत एकच असतो आणि आपल्या रेघा त्याला एका चित्रात पकडू शकत नाहीत. पुरावा बंधांच्या लांबीत आहे. हायड्रोजन पेरॉक्साईडमधला एकेरी बंध सुमारे १४८ पिकोमीटर, ऑक्सिजन रेणूतला दुहेरी १२१, आणि ओझोनचे दोन्ही बंध सारखेच, १२८. नायट्रेटचे तिन्ही बंधही सारखे आणि कोन १२० अंशांचे.

संस्पंदनरूप बदलताना फक्त इलेक्ट्रॉन हलवायचे. अणूची जागा बदलली तर ते संस्पंदन राहत नाही, तो वेगळा पदार्थ होतो. आणि रूप बदललं की फॉर्मल चार्ज पुन्हा काढायचा. जुन्या आकृतीवरचा तसाच उतरवला की बेरीज बिघडते.

अनेक रूपांतलं चांगलं कोणतं हे ठरवताना आधी अष्टक बघा, मग फॉर्मल चार्ज शून्याच्या जवळ आहेत का ते, आणि मग ऋणप्रभार जास्त विद्युतऋण अणूवर आहे का ते. क्रम उलटा केला तर कार्बन मोनॉक्साईडला दुहेरी बंध देऊन दोन्हीकडे शून्य आणण्याचा मोह होतो.

सल्फेटवरून वाद होतो. चार एकेरी बंध काढले तर अष्टक पूर्ण, गंधकावर +२ आणि प्रत्येक ऑक्सिजनवर −१. दोन दुहेरी काढले तर गंधकावर शून्य, पण भोवती बारा इलेक्ट्रॉन. शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत दुसरी आकृती जास्त दिसते. आधुनिक गणनांनुसार गंधकाच्या ३डी कक्षिकांचा यातला वाटा अगदी थोडा आहे, म्हणजे वस्तुस्थितीला पहिली जास्त जवळची. परीक्षेत पुस्तकातली काढा, समज पहिलीची ठेवा. दोन्हींत एकूण ३२ इलेक्ट्रॉन आणि −२ प्रभार येत असेल तर तुमची मूळ बेरीज बरोबर आहे, आणि तेच महत्त्वाचं.

तपासणी ६: धातूंच्या आयनांत आधी कुठले इलेक्ट्रॉन जातात

भरताना ४एस आधी आणि ३डी नंतर, हे सगळ्यांना पाठ असतं. मग काढताना शेवटचे आलेले आधी काढायचे असं गृहीत धरलं जातं आणि फेरस आयन चुकतो. संक्रमण धातूंत काढताना ४एस आधी रिकामा होतो. आयन होतो तेव्हा केंद्राची ओढ कमी इलेक्ट्रॉनांत वाटली जाते. आतल्या बाजूला असलेला ३डी तिच्यामुळे जास्त खाली खेचला जातो आणि बाहेर पसरलेला ४एस वर राहतो. म्हणून ज्याचं कवच बाहेरचं, तो आधी.

नागपूर जिल्ह्यातल्या मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणींतून निघणारं मँगनीज उदाहरणाला घ्या. अणुअंक २५, आरगॉनच्या १८ नंतर ३डी मध्ये ५ आणि ४एस मध्ये २. मँगनस आयन, म्हणजे +२: ४एस रिकामा, ३डी मध्ये ५. धातुकातल्या मँगनीज डायऑक्साईडमध्ये +४: ३डी मध्ये ३. ड्राय सेलमध्ये हाच पदार्थ इलेक्ट्रॉन घेतो आणि +३ वर येतो: ३डी मध्ये ४. परमँगनेटमध्ये +७: ३डी रिकामा. इथे +४ आणि +७ हे ऑक्सिडेशन क्रमांक आहेत, म्हणजे बंधातले सगळे इलेक्ट्रॉन जास्त ओढणाऱ्या अणूचे धरून आलेले प्रभार. मँगनीजवर खरोखर सात एककांचा प्रभार बसलेला नसतो, पण डी इलेक्ट्रॉन मोजायला हाच आकडा वापरतात.

प्रयोगशाळेत पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन करताना हे डोळ्यांनी दिसतं. ब्युरेटमधला गडद जांभळा थेंब आम्लयुक्त फेरसच्या द्रावणात पडला की रंग नाहीसा होतो. जांभळा रंग ऑक्सिजनवरून मँगनीजकडे इलेक्ट्रॉन सरकण्यातून येतो, कारण तिथे डी इलेक्ट्रॉनच नाहीत. तयार होणाऱ्या मँगनस आयनात पाचही कक्षिकांत एकेक इलेक्ट्रॉन एकाच दिशेच्या स्पिनचा. स्पिन न उलटता कोणालाच दुसऱ्या डी कक्षिकेत जाता येत नाही, म्हणून रंग इतका फिका की पातळ द्रावणात दिसतच नाही.

लोह: अणुअंक २६, ३डी मध्ये ६ आणि ४एस मध्ये २. फेरस: ३डी मध्ये ६. फेरिक (+३): ३डी मध्ये ५. क्रोमिअम आणि तांबं हे दोन अपवाद पाठ करावेच लागतात: क्रोमिअम ३डी मध्ये ५, ४एस मध्ये १, तांबं ३डी मध्ये १०, ४एस मध्ये १. क्युप्रिक आयनात (तांबं +२) ३डी मध्ये ९.

पडताळा चुंबकीय आघूर्णाने (आयनाच्या चुंबकीयतेच्या मापाने) घ्या. अयुग्मित (जोडी नसलेले) इलेक्ट्रॉन एन असतील तर एन गुणिले (एन + २) याचं वर्गमूळ, बोर मॅग्नेटॉनमध्ये. मँगनस ५ म्हणून ५.९२, फेरस ४ म्हणून ४.९०, क्युप्रिक १ म्हणून १.७३. एक सावधगिरी: फेरसचं संरूपण चुकून ३डी मध्ये ४ आणि ४एस मध्ये २ असं लिहिलं तरी अयुग्मित चारच येतात आणि ४.९० मिळतं. तिथे हा पडताळा चूक पकडणार नाही. फेरिकवर करून बघा: चुकीच्या रीतीने ३, खऱ्या रीतीने ५, आणि फरक लगेच दिसतो.

तपासणी ७: तीन वेगळे प्रभार एकच समजले जात आहेत का

कार्बन मोनॉक्साईडमध्ये कार्बनचा ऑक्सिडेशन क्रमांक +२ आणि फॉर्मल चार्ज −१. दोन्ही बरोबर आहेत, आणि इथेच चांगली मुलंही गोंधळतात. दोन शेतांच्या धुऱ्यावर आंब्याचं झाड असावं तसा बंध समजा. फॉर्मल चार्ज आंबे निम्मे निम्मे वाटतो. ऑक्सिडेशन क्रमांक सगळे आंबे जास्त ओढणाऱ्याच्या घरी पाठवतो. प्रत्यक्षात काय होतं ते या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं आणि ते मोजावं लागतं.

हायड्रोजन क्लोराईडवर मोजून बघू. फॉर्मल चार्ज दोन्हीकडे ०. ऑक्सिडेशन क्रमांक हायड्रोजनचा +१, क्लोरीनचा −१. बंधाची लांबी १२७ पिकोमीटर. इलेक्ट्रॉन पूर्णपणे क्लोरीनकडे गेला असता तर द्विध्रुव आघूर्ण (सरकलेला प्रभार आणि अंतर यांचा गुणाकार) सुमारे ६.१ डिबाय आलं असतं. मोजलेलं आहे १.०८. भागाकार ०.१८. म्हणजे एका इलेक्ट्रॉनच्या साधारण १८ टक्के एवढाच प्रभार सरकलेला.

प्रश्नात ‘ऑक्सिडेशन’ शब्द असेल तर ऑक्सिडेशन क्रमांक, लुईस आकृती मागितली असेल तर फॉर्मल चार्ज, ध्रुवीयता विचारली असेल तर प्रत्यक्ष सरकलेला प्रभार. ध्रुवीयतेत आकारही बघा: कार्बन डायऑक्साईडचे दोन्ही बंध ध्रुवीय, पण रेणू सरळ असल्याने एकूण शून्य, पाणी १०४.५ अंशांत वाकलेलं, म्हणून १.८५ डिबाय.

कार्बन मोनॉक्साईडचं मोजलेलं आघूर्ण फक्त ०.११ डिबाय आहे आणि किंचित ऋण टोक कार्बनकडे आहे, फॉर्मल चार्ज सुचवतो त्याच दिशेला. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला हा वायू कार्बनच्या लोन पेअरनेच धरतो. डिसेंबर-जानेवारीत दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवणं किंवा बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालवणं जिवावर बेतू शकतं ते यामुळेच. तिथे स्वतः दुरुस्ती करू नका. डोकं दुखलं, गरगरलं की आधी मोकळ्या हवेत या, गिझर बंद ठेवा आणि जाणकार मेकॅनिकला बोलवा.

इथे थांबा आणि जाणत्याकडे जा

बेरीज विषम आली आणि दोनदा तपासूनही विषमच राहिली, तर सगळ्यांचं अष्टक पूर्ण होणं शक्यच नाही. नायट्रिक ऑक्साईडमध्ये ११, नायट्रोजन डायऑक्साईडमध्ये १७. एकटा इलेक्ट्रॉन नायट्रोजनवर दाखवा आणि पुढे जा. आणखी सफाई आणायचा प्रयत्न करू नका.

ऑक्सिजन रेणूत लुईस आकृती सगळे इलेक्ट्रॉन जोडीत दाखवते. पण द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ओढला जाऊन अडकून राहतो, म्हणजे त्यात अयुग्मित इलेक्ट्रॉन आहेत. ही तुमची चूक नाही. १९१६ मध्ये मांडलेल्या जोडी-बंधाच्या कल्पनेची ही मर्यादा आहे. इथून पुढे रेणू-कक्षिकांचा सिद्धांत लागतो. डायबोरेनमध्येही (दोन बोरॉन, सहा हायड्रोजन) तेच: इथेनसारखा सांगाडा काढायला सात बंध, म्हणजे १४ इलेक्ट्रॉन लागतात, आणि हातात १२. तिथे दोन इलेक्ट्रॉन तीन अणूंना धरतात. रेघ-ठिपक्यांत ते बसत नाही. संक्रमण धातूंची जटिल संयुगंही लुईस आकृतीने सोडवायला जाऊ नका.

पहिल्या चार तपासण्या नीट बसूनही उत्तर जुळत नसेल, तर उत्तरसूचीतच चूक असू शकते. टेस्ट सिरीजच्या उत्तरांत अशा चुका असतात. अर्धा तास घालवून झाला असेल तर वही बंद करा आणि कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. नुसतं ‘जमत नाही’ म्हणून जाऊ नका. एकाच पानावर एकूण बेरीज, काढलेल्या इलेक्ट्रॉनांची बेरीज, सूत्राने आलेले बंध आणि प्रत्येक अणूवरचा फॉर्मल चार्ज लिहून न्या. तेवढं समोर असलं की चूक दोन मिनिटांत सापडते.

एखाद्या अणूवर नेमका किती प्रभार आहे, अपूर्णांकात, हे खरंच हवं असेल तर ते कागद-पेन्सिलीचं काम नाही. त्याला संगणकावरची क्वांटम गणना लागते, आणि तीतही प्रभार वाटण्याच्या पद्धतीनुसार आकडे बदलतात. बीएससी-एमएससीच्या प्रकल्पासाठी लागलं तर विद्यापीठाच्या किंवा नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या रसायनशास्त्र विभागात अशी गणना करणाऱ्या प्राध्यापकांना विचारा, आणि आकडा घेताना तो कोणत्या पद्धतीने काढलाय तेही लिहून घ्या.